सरकारी नर्सचा पगार कसा ठरतो आणि कसा वाढतो

जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून सरकारी रुग्णालयात रुजू झालेल्या मुलामुलींना वॉर्डातले काम शिकवणारे कोणीतरी भेटतेच. पगाराचे गणित मात्र क्वचितच कोणी शेजारी बसून समजावून सांगते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागात अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, म्हणून नियमित पदावर लागलेल्यांसाठी ते येथे टप्प्याटप्प्याने मांडले आहे. एक गोष्ट मनाशी पक्की धरा: सरकारी सेवेत हक्काची वाढही कागदावर नोंद झाली तरच हातात पडते.

पहिले काम म्हणजे नियुक्ती आदेश शांतपणे वाचणे. नेमणूक नियमित आहे की कंत्राटी, हे त्यात लिहिलेले असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी पदावर ठरावीक मानधन मिळते आणि पुढे सांगितलेली वेतनश्रेणी तिथे लागू होत नाही. आदेशातल्या अटींवर खूण करा. जात वैधता प्रमाणपत्र, संगणक अर्हता, भाषा परीक्षा यांपैकी जे लागू असेल त्याची मुदत लिहून ठेवा. मुदत चुकली तर वेतनवाढ अडकू शकते, वैधता प्रमाणपत्र राहिले तर नोकरीच धोक्यात येते.

दुसरा टप्पा मूळ वेतनाचा. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात अधिपरिचारिकेचा वेतनस्तर एस-१३ आहे. त्याची सुरुवात ३५,४०० रुपयांवर आणि शेवट १,१२,४०० रुपयांवर होतो. या स्तरात खाली खाली उतरणारी घरे असतात: ३५,४००, मग ३६,५००, मग ३७,६००. नव्याने लागलेली व्यक्ती पहिल्या घरात असते.

मूळ वेतनावर भत्ते चढतात. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या टक्केवारीत मिळतो आणि वर्षातून दोनदा सुधारला जातो. राज्याचा आदेश सहसा केंद्रानंतर येतो, म्हणून फरकाची रक्कम, म्हणजे थकबाकी, मागाहून जमा होते. घरभाडे भत्ता गावाच्या वर्गावर ठरतो. त्यामुळे मुंबईतल्या आणि तालुक्याच्या ठिकाणच्या नर्सचे मूळ वेतन सारखे असूनही एकूण पगार वेगळा दिसतो.

आता कपाती. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना लागू असेल तर मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बेरजेच्या १० टक्के रक्कम आपल्या पगारातून जाते आणि शासन १४ टक्के घालते. समजा महागाई भत्ता ५० टक्के आहे. मग ३५,४०० अधिक १७,७०० मिळून ५३,१०० होतात. आपले ५,३१० कापले जातात, शासनाचे ७,४३४ जमा होतात. त्याशिवाय व्यवसाय कर महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, आणि गट विम्याची वर्गणी असते.

पहिला पगार अनेकदा इथेच अडतो. वेतनदेयके ‘सेवार्थ’ या संगणक प्रणालीतून निघतात. त्यात आपली नोंद झाली नाही तर देयक निघत नाही, आणि निवृत्तिवेतन खात्याचा प्राण क्रमांक मिळाला नाही तर वर्गणी जमा होत नाही. पॅन, बँक खाते, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी यांच्या प्रती रुजू होतानाच द्या आणि कार्यालयाकडून पोच घ्या. परिषदेच्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, हेही ध्यानात असू द्या.

सेवापुस्तक म्हणजे आपल्या नोकरीचा संपूर्ण इतिहास. नेमणूक, रजा, वेतनवाढ, बदली यांची प्रत्येक नोंद त्यात असते. त्याची दुय्यम प्रत मागून घ्या आणि दरवर्षी मूळ पुस्तकाशी ताडून पाहा. नाव आणि जन्मतारीख पहिल्याच दिवशी तपासा. जन्मतारखेतली चूक दुरुस्त करण्यासाठी रुजू झाल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. त्यानंतर सहसा दाद लागत नाही, आणि चुकीची तारीख थेट निवृत्तीपर्यंत सोबत राहते.

वार्षिक वेतनवाढ म्हणजे त्याच स्तरातल्या पुढच्या घरात जाणे. ती साधारण ३ टक्के असते. त्यासाठी वेतनवाढीच्या तारखेपूर्वी किमान सहा महिन्यांची सेवा लागते. विनावेतन रजा लांबली तर ही तारीख पुढे सरकू शकते, म्हणून अशी रजा घेण्याआधी आस्थापना लिपिकाला विचारा. पदोन्नती झाली नाही तरी दहा वेतनवाढींनंतर मूळ वेतन ४७,६०० वर पोहोचते.

पदोन्नतीची वाट अशी आहे: अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका. परिसेविका म्हणजे वॉर्डची जबाबदारी सांभाळणारी सिस्टर इन्चार्ज, तर अधिसेविका म्हणजे मेट्रन. निवड करताना ज्येष्ठता यादी आणि गोपनीय अहवाल पाहिले जातात. ज्येष्ठता यादी प्रसिद्ध झाली की आपले नाव, रुजू तारीख आणि प्रवर्ग वाचा. चूक दिसली तर मुदतीत लेखी हरकत नोंदवा. तोंडी सांगितलेले पुढे कुणाच्याही लक्षात राहत नाही.

वरच्या जागा थोड्या असल्याने पदोन्नती लांबते. त्यासाठीच आश्वासित प्रगती योजना आहे: पद तेच राहिले तरी १०, २० आणि ३० वर्षांच्या नियमित सेवेनंतर वरच्या वेतनाचा लाभ मिळतो. अहवाल अपुरे असतील तर प्रस्ताव रखडतो, म्हणून दहावे वर्ष लागताच अर्ज द्या आणि अहवाल पूर्ण आहेत का ते पाहा. घराजवळ राहता यावे म्हणून पदोन्नती नाकारण्याचा विचार असेल तर थांबा. नकार दिल्यास या योजनेचा लाभही जातो.

दुसऱ्या सरकारी विभागाची परीक्षा देणार असाल तर अर्ज आपल्या कार्यालयामार्फत, परवानगी घेऊनच करा. परस्पर अर्ज करून साधा राजीनामा दिला तर आधीची सेवा आणि वेतन यांचे संरक्षण गमावण्याची भीती असते.

हे सारे सांभाळायला वर्षातून एक दुपार पुरते. वेतनचिठ्ठी, सेवापुस्तक, निवृत्तिवेतन खात्याचा उतारा आणि ज्येष्ठता यादी ही चार कागदपत्रे समोर घेऊन बसा. काही अडले तर लेखी विचारा. रात्रपाळीत तीस रुग्णांचे तक्ते बिनचूक भरणाऱ्या माणसाचे स्वतःचे कागदही बिनचूकच असायला हवेत, आणि त्याबद्दल विचारणा करण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.