पावसाच्या भरवशाचा रुपया

बँकेत कॅशियर होतो तेव्हा खिशात कायम चिल्लर ठेवायचो. भरण्यात आवडीचं नाणं दिसलं की खिशातलं तेवढ्याच किमतीचं गल्ल्यात टाकायचं आणि ते उचलायचं. संध्याकाळी हिशेब पैशाला पैसा जुळायचा. माझा संग्रह असा, दर्शनी किमतीतच जमला.

त्यात बहुतेक स्मारक नाणी. एखादी व्यक्ती, घटना किंवा विषय लोकांसमोर राहावा म्हणून सरकार ती काढतं. स्वतंत्र भारतातलं पहिलं निघालं १९६४ साली, नेहरू गेले त्या वर्षी. पुढे १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीचं, १९९० मध्ये बाबासाहेबांचं, १९९९ मध्ये ज्ञानेश्वरांचं आणि शिवाजी महाराजांचं. काही जण अख्खा सेट पुरा करायच्या मागे असतात. करोत बापडे. ज्या नाण्याचा आपल्या घराशी संबंध नाही, त्यात माझा जीव रमत नाही.

माझा लाडका आहे १९८८ चा एक रुपया. विषय कोरडवाहू शेती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९६८ पासून देशोदेशी शेतीवरची नाणी काढवली. आपल्याकडे १९८७ मध्ये छोट्या शेतकऱ्यावर रुपया निघाला आणि पुढच्या वर्षी हा. आमचं वावर पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात. विहीर खणावी तर पाणी खारट, पिकाला द्यावं तर जमीनच बिघडते. कपाशी, तूर, ज्वारी, सगळं आभाळाच्या हवाली. नाणं बाबांच्या हातावर ठेवलं, कशाचं आहे ते सांगितलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं न् म्हणाले, "नानं त काढलं रे बा, पानी कवा काढतीन?" कृषी विद्यापीठाच्या गावात राहतो, कोरडवाहूवर भाषणं पुष्कळ ऐकली, इतकं नेमकं कोणी बोललं नाही.

दुसरं २००३ चं दोन रुपयांचं, रेल्वेच्या दीडशे वर्षांचं. त्यावर कंदील धरलेला भोलू हत्ती. सासरे अकोला–खंडवा मीटरगेजवर गार्ड होते, म्हणून ते बायकोच्या वाट्याचं.

नाणं चिंच-लिंबानं घासू नका, वरचा मूळ पोत जातो. सालाखाली बारीक खूण पाहा: चौकट असेल तर मुंबई टांकसाळ, चांदणी हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

आणि वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, हे मोबाइलवरचं पुराण सोडून द्या. रिझर्व्ह बँकेचं नाव घेऊन जुन्या नाण्यांच्या व्यवहारात कमिशन उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्या बँकेनेच २०२१ मध्ये सांगितलंय. मलाही एकाचा फोन आला. तुमच्या नाण्याचे नऊ लाख देतो, आधी नोंदणीचे पाच हजार भरा. म्हटलं, भाऊ, पाच हजार त्या नऊ लाखांतून कापून घ्या न् बाकीचे पाठवून द्या. त्यानं फोनच ठेवून दिला.