जगाचा लोणीबाजार आणि आपल्या दुधाचा दर

सन २०२२ च्या सप्टेंबर महिन्यांत, तारीख १२ पासून १५ पर्यंत, दिल्लीनजीक ग्रेटर नोएडा येथें आंतरराष्ट्रीय डेअरी फेडरेशनची जागतिक परिषद भरली होती. सुमारें पन्नास देशांतील दीड हजारांच्या आसपास मंडळी तीस येणार म्हणून जाहीर झालें होतें. कारखानदार, सहकारी संघांचे चालक, पशुवैद्य, शास्त्रज्ञ व सरकारी अधिकारी असा तो मेळा होता. दुग्धव्यवसायाची अशी जागतिक परिषद आपल्या देशांत भरण्याची ही दुसरीच वेळ. पहिली १९७४ सालीं नवी दिल्लीस भरली होती. अशा परिषदांचा आपल्या गोठ्यांतील दोन म्हशींशीं आणि चार गाईंशीं काय संबंध, असा प्रश्न आमचे पुष्कळ वाचक करितील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचें उत्तर देण्याकरितांच हा लेख लिहिला आहे. आपलें दूध परदेशीं जात नाहीं हें खरें. परंतु परदेशांतील भाव आपल्या दूध संकलन केंद्रावर येऊन पोंचतो, हेंही तितकेंच खरें आहे. तो कोणत्या वाटेनें येतो, हें शेतकऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.

परिषदेंत काय झालें

परिषदेचा विषय ‘पोषण आणि उपजीविका यांसाठीं दुग्धव्यवसाय’ असा होता. उद्घाटन पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी यांनीं केलें. इतर देशांत दुधाचा धंदा थोड्या मोठ्या गोठ्यांच्या हातीं असतो. आपल्याकडे तो एक-दोन-तीन जनावरें बाळगणाऱ्या लहान शेतकऱ्यांच्या बळावर चालतो, आणि आठ कोटींहून अधिक कुटुंबांस त्यापासून उपजीविका मिळते, ही गोष्ट त्यांनीं परदेशी पाहुण्यांपुढें मांडली. उत्तम देशी जातींची नांवें घेतांना मुऱ्हा, मेहसाणा व जाफराबादी यांबरोबर आपल्या पंढरपुरी म्हशीचाही उल्लेख झाला. त्या वर्षीं लम्पी चर्मरोगानें अनेक प्रांतांत गुरें दगावत होतीं. त्यावर देशांत तयार झालेल्या लशीची माहितीही त्याच प्रसंगीं देण्यांत आली. सहकारी संघांत ग्राहकानें दिलेल्या किंमतीपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक भाग सरळ उत्पादकाच्या पदरीं पडतो, असेंही सांगण्यांत आलें. हें शेवटचें वाक्य वाचकांनीं स्मरणांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आपल्या देशाचें उत्पादन पाहिलें तर मान ताठ होते. १९५०-५१ सालीं अवघें १ कोटी ७० लाख टन दूध होत असे. २०२३-२४ सालीं तें २३ कोटी ९० लाख टनांवर गेलें. जगांतील दुधाचा जवळजवळ चवथा हिस्सा आपला आहे. इतकें असून जगाच्या बाजारांत भाव ठरविणारे आपण नव्हे. असें कां, तें आतां पाहूं.

जगांत दूध विकतें कोण

दूध नासका माल आहे. तें समुद्रापार न्यावयाचें तर त्याचें लोणी, चीज किंवा भुकटी करावी लागते. म्हणून जगाचा दूधबाजार म्हणजे मुख्यतः भुकटीचा आणि लोण्याचा बाजार होय. आपला देश आपलें बहुतेक सर्व दूध स्वतःच पितो व खातो. उलट न्यूझीलंड हा देश लोकवस्तीनें आपल्या पुणें शहरापेक्षां फारसा मोठा नाहीं, पण आपल्या दुधापैकीं शेंकडा पंचाण्णव भाग तो बाहेर विकतो. तेथील शेतकऱ्यांच्या मालकीच्या फॉन्टेरा या सहकारी संस्थेनें २००८ सालीं भुकटीचा लिलाव विद्युत्-यंत्रावर सुरू केला. तो साधारण पंधरा दिवसांनीं होतो, आणि त्यांत निघालेला भाव सर्व जगांतले व्यापारी प्रमाण मानतात. न्यूझीलंड, युरोपांतील देश आणि अमेरिका हे मुख्य विकणारे. चीन हा सर्वांत मोठा घेणारा. गिऱ्हाईक थोडें व विकणारे थोडे असल्यामुळें कोठेंही लहानशी गडबड झाली तरी भाव एकदम चढतो किंवा कोसळतो.

सन २०१४ ते २०१८ ची मंदी

याचें ठळक उदाहरण म्हणजे २०१४ पासूनची मंदी. २०१३ च्या सुमारास स्निग्धांश काढलेल्या भुकटीचा भाव टनास ४००० डॉलरांवर गेला होता. तो पाहून सर्वांनीं गाई वाढविल्या. इतक्यांत तीन गोष्टी एकामागून एक घडल्या. चीननें आपलीं कोठारें भरून घेऊन खरेदी कमी केली. ऑगस्ट २०१४ मध्यें राजकीय तंट्यामुळें रशियानें युरोपचें लोणी, चीज वगैरे माल घेणें बंद केलें. आणि प्रत्येक देशानें किती दूध काढावें याची युरोपांत १९८४ पासून चालत आलेली मर्यादा १ एप्रिल २०१५ पासून उठविण्यांत आली. घेणारे कमी, विकणारे अधिक. मग व्हावयाचें तेंच झालें. ऑगस्ट २०१५ मध्यें त्याच भुकटीचा भाव टनास १५०० डॉलरांच्याही खालीं गेला.

या कोसळण्यांतून धनाढ्य देशांचे शेतकरीही सुटले नाहींत. फॉन्टेरानें आपल्या सभासदांस २०१३-१४ सालीं दुधांतील घन पदार्थांच्या दर किलोस ८ डॉलर ४० सेंट दिले होते. २०१५-१६ सालीं ३ डॉलर ९० सेंटच देतां आले. सप्टेंबर २०१५ मध्यें युरोपांतील शेतकरी ट्रॅक्टर घेऊन ब्रसेल्स शहरांत शिरले, तेव्हां तेथील सत्तेस ५० कोटी युरोंची मदत जाहीर करावी लागली. पडता भाव सांवरण्यासाठीं युरोपनें साडेतीन लक्ष टनांहून अधिक भुकटी विकत घेऊन कोठारांत ठेविली. ती २०१९ पर्यंत संपेना, आणि जोंवर ती कोठारांत पडून होती तोंवर जगांत भाव वर येईना.

हीच लाट आपल्याकडे आली. पुष्टकाळांत जें दूध पिऊन उरतें, त्याची आपल्या डेअऱ्या भुकटी करितात. जगांतील भाव आपल्या उत्पादनखर्चाहून खालीं असल्यामुळें ती बाहेर विकतां येईना. घरांत सांठा वाढला. मग डेअऱ्यांनीं दुधाचा दर उतरविला. महाराष्ट्र सरकारनें जून २०१७ मध्यें गाईच्या दुधास लिटरास २७ रुपये दर ठरविला होता. २०१८ च्या उन्हाळ्यांत अनेक ठिकाणीं शेतकऱ्यांच्या हातीं १७ ते २० रुपयेच पडत होते. जुलै २०१८ मध्यें दूध रस्त्यावर आलें, आंदोलन झालें, आणि लिटरामागें ५ रुपये अनुदान देऊन २५ रुपये दर देण्याचें ठरलें. पुढें २०२० सालीं महामारीमुळें हॉटेलें बंद पडलीं, तेव्हां जादा दूध घेऊन त्याची भुकटी करण्याचें काम सरकारनें अंगावर घेतलें; आणि २०२४ सालीं पुनः अनुदानाचीच वाट धरावी लागली. तीनही वेळीं दुखणें एकच होतें, तें म्हणजे उरलेलें दूध व न खपणारी भुकटी.

भुकटीचा भाव लिटरावर कसा येतो

हा हिशेब पाटीवर मांडून पाहण्यासारखा आहे. गाईचें १०० लिटर दूध, फॅट म्हणजे स्निग्धांश ३.५ व एस.एन.एफ. म्हणजे स्निग्धांश वगळून उरणारे घन पदार्थ ८.५, असें घेतलें तर त्यांतून ठोकळ मानानें ९ किलो भुकटी व सव्वाचार किलो लोणी निघतें. समजा, भुकटी किलोस ५० रुपयांनीं उतरली व लोणी ४० रुपयांनीं उतरलें. भुकटींत तोटा ९ × ५० = ४५० रुपये; लोण्यांत ४.२५ × ४० = १७० रुपये; एकूण ६२० रुपये. म्हणजे लिटरामागें ६ रुपये २० पैसे. डेअरीनें एक पैसा अधिक नफा न घेतां देखील शेतकऱ्याचा दर इतका खालीं येऊं शकतो.

येथें एक शंका निघेल. सर्व दुधाची भुकटी होत नाहीं; बरेंचसें दूध पिशवींतून शहरांत जातें आणि त्या पिशवीची किंमत क्वचितच उतरते. मग सर्वच दुधाचा दर कां पाडावा? याचें कारण असें कीं, खरेदी करणारा शेवटच्या लिटराचा विचार करितो. शंभर लिटरांपैकीं वीस लिटर जरी भुकटीस जात असले, तरी त्या वीस लिटरांस परवडेल तोच दर तो शंभरांस देऊं पाहतो, आणि उरलेल्या ऐशी लिटरांवरील फायदा त्याच्याजवळ राहतो. संघ शेतकऱ्यांचा असेल तर हा फायदा वर्षअखेर दरफरक म्हणून सभासदांकडे परत येतो. खाजगी खरेदीदार असेल तर येईलच असें नाहीं. परिषदेंतील ‘शेंकडा सत्तर’ या शब्दांचें काम पडतें तें येथें. आपल्या गांवचें दूध शहरांत पिशवींतून किती रुपयांस विकलें जातें आणि आपणांस त्यांतले किती मिळतात, हें प्रत्येकानें एकदां तरी ताडून पाहावें.

जकात आणि भुकटीचा दुहेरी गुण

परदेशी भुकटी आपल्याकडे मोकळी येऊं लागली तर काय होईल, हें वरील हिशेबावरून उघड आहे. जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत एके काळीं आपल्या देशानें भुकटीवर जकात न घेण्याचें मान्य केलें होतें. पुढें पुन्हां बोलणीं होऊन २००० सालीं ही चूक दुरुस्त झाली; दरसाल १०,००० टनांपर्यंत शेंकडा १५ आणि त्यावरील मालावर शेंकडा ६० जकात बसली. ४ नोव्हेंबर २०१९ रोजीं बँकॉक येथें पूर्वेकडील देशांच्या मोठ्या व्यापारी करारांतून आपला देश बाहेर राहिला, त्याच्या कारणांत न्यूझीलंडच्या दुधाची भीति हें एक मोठें कारण होतें. २४ जुलै २०२५ रोजीं ब्रिटनशीं झालेल्या करारांतही दुग्धपदार्थ वगळण्यांत आले.

तथापि परदेशी भुकटी प्रत्येक वेळीं विषच असते असें नाहीं. १९७० सालीं सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेंत युरोपचीच जादा भुकटी, १ लक्ष २६ हजार टन, आणि ४२ हजार टन लोण्याचें तेल आपणांस देणगी म्हणून मिळालें. तें फुकट वांटलें असतें तर खेड्यांतील दुधाचा भाव बुडाला असता. परंतु डॉ. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखालीं राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानें त्यापासून दूध तयार करून शहरांत योग्य किंमतीस विकलें आणि आलेला पैसा खेड्यांतील सहकारी संघ उभारण्यास लावला. माल तोच, तो कोणाच्या हातीं आहे आणि कोणत्या दरानें सुटतो, यावर सर्व अवलंबून असतें.

आपल्या हातीं काय आहे

न्यूझीलंडचा लिलाव किंवा चीनची खरेदी आपल्या हातीं नाहीं. पण आपल्या दुधास लिटरामागें खर्च किती येतो, हें आपल्या हातीं आहे, आणि तेंच फार थोड्यांस ठाऊक असतें. महसुलाच्या दप्तरांत आमचें आयुष्य गेलें. त्यामुळें आंकडा लिहिलेला नसला म्हणजे तो नसल्यासारखाच, असें आम्ही समजतों. एक उदाहरण घेऊं. एका गाईस चारा, पेंड, औषध व मजुरी मिळून वर्षभराच्या सरासरीनें दररोज २०० रुपये लागतात आणि एका वेतांत ती ३००० लिटर दूध देते, असें समजा. दोन वेतांतील अंतर ४०० दिवस असेल तर खर्च ८०,००० रुपये, म्हणजे लिटरास २६ रुपये ६७ पैसे. गाय वेळेवर न फळल्यामुळें तेंच अंतर ४६० दिवस झालें तर खर्च ९२,००० रुपये, म्हणजे लिटरास ३० रुपये ६७ पैसे. लांबलेल्या वेतांत थोडें दूध अधिक मिळेल आणि भाकड गाईचा खुराक कमी असेल, तें वजा केलें तरी फरक पुष्कळ राहतो. सरकारच्या पांच रुपयांच्या अनुदानासाठीं आपण रस्त्यावर उतरतों; जवळजवळ तेवढीच रक्कम गोठ्यांतल्या गोठ्यांत गळून जाते, तिकडे आपलें लक्ष नसतें.

म्हणून आमच्या सूचना थोडक्यांत अशा. प्रत्येक जनावराच्या नांवें वहींत एक पान ठेवावें; त्यांत विण्याची, फळविण्याची व आटविण्याची तारीख आणि दररोजचें दूध लिहावें. मका स्वस्त असतांना मुरघास घालून उन्हाळ्याची वैरण बांधून घ्यावी, म्हणजे महागाईंत पेंडीवरचा भार हलका होतो. लाळ्या-खुरकूत व लम्पी यांच्या लशी वेळेवर टोंचून घ्याव्या. केंद्रावर फॅट व एस.एन.एफ. यांचे आंकडे आपल्या डोळ्यांदेखत पाहून पावती जपून ठेवावी. भुकटी व लोणी यांचे भाव महिन्यांतून एकदां तरी पाहावे. ते दोन-तीन महिने उतरत चालले असतील तर त्या वेळीं नवी गाय कर्जानें घेऊं नये. आणि गांवांत सहकारी संस्था असेल तर तिची वार्षिक सभा चुकवूं नये; दरफरक किती व तो कसा काढला, हें उभें राहून विचारावें. संस्था शेतकऱ्यांची आहे हें नुसतें पाटीवर लिहून चालत नाहीं. हिशेब विचारणारे सभासद असले तरच ती शेतकऱ्यांची राहते.

जगांतील दुग्धव्यवसायाचे धुरीण पुनः पुनः जमतील आणि बदलत्या बाजाराची चर्चा करितील; तें त्यांनीं करावेंच. त्यांत आपल्या बाजूनें बोलणाऱ्यांस बळ यावें अशी इच्छा असेल, तर प्रत्येक गोठ्यांतून खऱ्या खर्चाचा आंकडा बाहेर आला पाहिजे. जकात किती असावी आणि दर किती असावा, हे दोन्ही प्रश्न शेवटीं त्याच आंकड्यावर ठरावयाचे आहेत. आमच्या वाचकांनीं येत्या पहिल्या तारखेपासून वही घालून एक वेत पुरें लिहून पाहावें, एवढीच विनंती.