शेताच्या बांधावरची शाळा

हवामानबदलाला तोंड देणारी शेती म्हटली की सुधारित बियाणे, ठिबक संच, हवामान केंद्रे अशी साधने प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु ती केव्हा आणि कशी वापरायची याचा निर्णय अखेर शेतकऱ्यालाच घ्यावा लागतो, त्यामुळे विकसनशील देशांत त्याची निर्णयक्षमता वाढवणे हे साधने पुरवण्याइतकेच मूलभूत काम ठरते. या क्षमताबांधणीचा एक भक्कम नमुना इंडोनेशियाच्या भातखाचरांत घडला.

तेथे तपकिरी तुडतुड्यांनी भाताचे अतोनात नुकसान केले, आणि फवारण्या वाढवूनही कीड आटोक्यात येईना; कारण तुडतुडे खाणारे कोळी व अन्य मित्रकीटकच त्या विषाने मरत होते. 1986 मध्ये सरकारने भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि 1989 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या साहाय्याने शेतीशाळा सुरू झाल्या. या शाळेत साधारण 25 शेतकरी हंगामभर दर आठवड्याला एका शेतात जमतात, लहान गटांत विभागून ठरावीक रोपे न्याहाळतात, त्यांवरील शत्रुकीटक आणि मित्रकीटक मोजतात, खाचरातले पाणी व हवामान यांसह सारे मोठ्या कागदावर चितारतात आणि फवारायचे की थांबायचे हे चर्चेने ठरवतात. प्रशिक्षक आयते उत्तर देत नाही, प्रश्न विचारून निरीक्षणाची सवय लावतो. पुढे पश्चिम जावातील इंद्रमायू जिल्ह्यात हीच पद्धत हवामानासाठी वापरली गेली. हंगामी अंदाज ही खात्री नसून शक्यता असते, हे समजून घेऊन पेरणीचा काळ व पीक निवडण्याचा विचार तेथे शिकवला गेला.

महाराष्ट्रात 2018 पासून जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याने राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाने, म्हणजेच ‘पोकरा’ने, मराठवाडा व विदर्भातील दुष्काळप्रवण गावांत आणि पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात शेतीशाळांचा आधार घेतला. त्यांत शिकवल्या जाणाऱ्या रुंद वरंबा-सरी पद्धतीत सोयाबीन उंच वरंब्यावर पेरतात. त्यामुळे अतिवृष्टीत जादा पाणी सरीतून निघून जाते आणि पावसाचा खंड पडला तर सरीत मुरलेला ओलावा पिकाला तग धरण्यास मदत करतो. गावाचा पाण्याचा ताळेबंद, म्हणजे पडलेला पाऊस, अडलेले पाणी आणि पिकांची गरज यांचा हिशेबही गावकऱ्यांसमोर मांडला जातो, जेणेकरून रब्बीत कोणते पीक किती क्षेत्रावर घ्यावे हे विहिरी आटण्यापूर्वीच ठरवता येते.

मात्र एखाद-दुसऱ्या मेळाव्याने अशी क्षमता रुजत नाही. त्यासाठी हंगामभर बांधावर येणारा प्रशिक्षक लागतो, निंदणीपासून कापूस वेचणीपर्यंतचा भार वाहणाऱ्या स्त्रियांना शाळेत बरोबरीचे स्थान लागते आणि प्रकल्पाचा निधी संपल्यावरही गट टिकवण्याची तजवीज लागते. अनुदानातून मिळालेले यंत्र काही वर्षांनी झिजते, पण निरीक्षणातून आलेली समज शेतकरी पुढच्या प्रत्येक हंगामात वापरतो. म्हणूनच शासनाने शेतीशाळांना तात्पुरता उपक्रम न मानता कृषिविस्ताराचा कायम भाग करावे आणि गावांनीही त्या आपल्या मानून चालवाव्यात.