संसद, भारतीय : कायदे व नागरी स्वातंत्र्य

भारताच्या केंद्रीय विधिमंडळास संसद ही संज्ञा आहे. संविधानाच्या ७९ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपती, राज्यसभा व लोकसभा मिळून संसद बनते. कायदे करणे, कर व खर्च यांना संमती देणे, मंत्रिमंडळास जबाबदार धरणे आणि विहित पद्धतीने संविधानात दुरुस्ती करणे, ही तिची प्रमुख कार्ये होत. ब्रिटिश पार्लमेंट हे तिचे आदर्श मानले जात असले, तरी ती त्या अर्थाने सार्वभौम नाही. तिने केलेला कायदा संविधानाशी विसंगत असल्यास न्यायालय तो अवैध ठरवू शकते. नागरिकांना नवे हक्क देण्याचे व असलेले हक्क आकुंचित करण्याचे, अशी दोन्ही कार्ये तिने एकाच अधिकारात केली आहेत. त्यामुळे भारतातील नागरी स्वातंत्र्याचा इतिहास हा बव्हंशी संसदेच्या अधिकारांचा व त्यांच्या मर्यादांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : ब्रिटिश अमदानीतील मध्यवर्ती विधिमंडळास शासनावर नियंत्रण नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढील वर्षी सरकारी बहुमताने फेटाळले गेले. मार्च १९१९ मध्ये तर बिनसरकारी हिंदी सदस्यांनी एकमुखाने विरोध केला असतानाही रौलट कायदा संमत झाला आणि विनाचौकशी स्थानबद्धतेचा अधिकार शासनास मिळाला. निषेधार्थ मदनमोहन मालवीय व मुहम्मद अली जिना यांनी सदस्यत्वाचे राजीनामे दिले. लोकांना उत्तरदायी नसलेले विधिमंडळ स्वातंत्र्याचे रक्षण करू शकत नाही, हा या अनुभवाचा निष्कर्ष होता. संविधान सभेने मूलभूत हक्कांचे स्वतंत्र प्रकरण संविधानात घातले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आल्यावर संविधान सभेनेच हंगामी संसद म्हणून काम पाहिले. प्रौढ मताधिकारावर निवडून आलेल्या पहिल्या लोकसभेची बैठक १३ मे १९५२ रोजी भरली व गणेश वासुदेव मावळंकर तिचे पहिले अध्यक्ष झाले.

सामाजिक विधिविधान : प्रारंभीच्या संसदेची सर्वांत टिकाऊ कामगिरी सामाजिक कायद्यांच्या क्षेत्रात आढळते. हिंदू संहिता विधेयक रखडल्यामुळे विधिमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९५१ मध्ये राजीनामा दिला. पण त्यातील बराच आशय १९५५-५६ मध्ये विवाह, वारसा, अज्ञान व पालकत्व आणि दत्तक व पोटगी या विषयांवरील चार कायद्यांच्या रूपाने संमत झाला. एकपत्नीत्वाचे बंधन, घटस्फोटाची तरतूद व स्त्रियांचे वारसाहक्क यांमुळे कुटुंबसंस्थेत शासनाच्या साध्या आदेशाने न होणारे परिवर्तन घडले. तथापि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलींना जन्मतः समान वाटा मिळण्यास २००५ ची दुरुस्ती व्हावी लागली. १९५५ मध्येच अस्पृश्यता पाळणे हा दंडनीय अपराध ठरविण्यात आला.

याच काळात स्वातंत्र्य आकुंचित करणारे कायदेही झाले. हंगामी संसदेने १९५० मध्येच प्रतिबंधक स्थानबद्धता अधिनियम संमत केला. एका वर्षासाठी म्हणून आलेला हा कायदा वारंवार मुदतवाढ मिळून १९६९ अखेरपर्यंत चालला. पहिल्या संविधान दुरुस्तीने (१९५१) भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंधांची कारणे वाढविली. मात्र ते निर्बंध ‘वाजवी’ असले पाहिजेत, ही अटही घातली. जमीनसुधारणेचे कायदे न्यायालयीन आक्षेपांपासून सुरक्षित राखण्यासाठी नववी अनुसूची याच दुरुस्तीने निर्माण झाली.

दुरुस्तीच्या अधिकाराचा वाद : मूलभूत हक्क कमी करण्याचा अधिकार संसदेस आहे काय, हा प्रश्न १९६७ मध्ये निकडीचा झाला. गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ५ मतांनी तो नाकारला. राजापूरचे लोकसभा सदस्य बॅ. नाथ पै यांनी हा अधिकार संसदेस परत मिळावा म्हणून त्याच वर्षी खासगी विधेयक मांडले. लोकांनी निवडलेल्या सभागृहावर विश्वास ठेवावा, ही त्यांची भूमिका होती. बहुमत बेलगाम झाल्यास हक्कांचे काय, हा विरोधकांचा प्रश्न होता. विधेयक संमत झाले नाही. पण १९७१ च्या चोविसाव्या दुरुस्तीने त्याचा हेतू साध्य झाला. केशवानंद भारती खटल्यात (२४ एप्रिल १९७३) न्यायालयाने ७ विरुद्ध ६ मतांनी मध्यममार्ग काढला. संसद संविधानाच्या कोणत्याही भागात दुरुस्ती करू शकते, परंतु त्याची मूलभूत चौकट नष्ट करू शकत नाही, असे त्याचे सार होय.

आणीबाणी : २५ जून १९७५ रोजी अंतर्गत अशांततेच्या कारणावरून आणीबाणी पुकारण्यात आली. विरोधी पक्षांचे अनेक संसदसदस्य तुरुंगात असताना संसदेने तिला मान्यता दिली. अडतिसाव्या दुरुस्तीने आणीबाणीची उद्‌घोषणा न्यायालयीन तपासणीबाहेर ठेवली. एकोणचाळिसावी दुरुस्ती ७ व ८ ऑगस्ट १९७५ या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत संमत होऊन पंतप्रधानांच्या निवडणुकीविषयीचा वाद न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेण्यात आला. तिचा संबंधित भाग सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी अवैध ठरविला. लोकसभेने स्वतःची मुदतही वाढवून घेतली. या मुदतवाढीच्या निषेधार्थ तुरुंगात असलेल्या मधु लिमये यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला. बेचाळिसाव्या दुरुस्तीने (१९७६) लोकसभेची मुदत सहा वर्षे केली व संसदेच्या दुरुस्ती अधिकारास कोणतीही मर्यादा नाही, असे घोषित केले.

संसदेतील कामकाजाचे सत्य वृत्त निर्भयपणे छापता यावे म्हणून फिरोझ गांधी यांच्या पुढाकाराने १९५६ मध्ये खासगी विधेयकाद्वारे झालेला कायदाही या काळात रद्द करण्यात आला. संसदेने दिलेले संरक्षण संसदच काढून घेऊ शकते, हे यावरून दिसून आले.

चव्वेचाळिसावी दुरुस्ती : १९७७ च्या निवडणुकीत सत्तांतर झाले. नव्या संसदेने वृत्तप्रसिद्धीविषयीचा कायदा पुनः केला, अंतर्गत सुरक्षा अधिनियम (मिसा) रद्द केला आणि १९७८ मध्ये चव्वेचाळिसावी दुरुस्ती संमत केली. तीनुसार ‘अंतर्गत अशांतता’ या शब्दांच्या जागी ‘सशस्त्र बंड’ हे शब्द आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय, एका महिन्याच्या आत विशेष बहुमताने संसदेची मान्यता व दर सहा महिन्यांनी तिचे नूतनीकरण ही बंधने घालण्यात आली. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य यांचे रक्षण करणारा २१ वा अनुच्छेद आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे झाली. मालमत्तेचा हक्क मात्र मूलभूत हक्कांतून वगळण्यात आला. बेचाळिसाव्या दुरुस्तीतील अमर्याद अधिकाराचा दावा सर्वोच्च न्यायालयाने मिनर्व्हा मिल्स खटल्यात (१९८०) अवैध ठरविला.

या दुरुस्तीतील एक कलम अद्यापि अंमलात आलेले नाही. सल्लागार मंडळाच्या अभिप्रायावाचून स्थानबद्ध ठेवण्याची कमाल मुदत तीन महिन्यांवरून दोन महिने करणारे हे कलम केंद्र शासनाने अधिसूचित केले नाही. संसदेने कायदा संमत केला, तरी त्याच्या अंमलबजावणीचा दिनांक शासनावर सोपविला असल्यास तो कागदावरच राहू शकतो, याचे हे ठळक उदाहरण आहे.

उत्तरकाल : १९८५ च्या बावन्नाव्या दुरुस्तीने पक्षांतरास आळा घालण्याचा प्रयत्न केला, परंतु पक्षादेश मोडल्यास सदस्यत्व जाण्याची भीती असल्याने स्वतंत्र बुद्धीने मतदान करण्याची सदस्यांची मुभा आकसली. १९८८ च्या एकसष्टाव्या दुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणले. गोखल्यांचे विधेयक फेटाळल्यानंतर नव्वद वर्षांनी, २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत झाला. २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाने शासनव्यवहार जाणून घेण्याचे साधन सामान्य नागरिकाच्या हाती दिले.

भारतीय संसदेचे सामर्थ्य बहुमतात आहे. पण नागरी स्वातंत्र्य केवळ त्या बहुमताच्या सदिच्छेवर सुरक्षित राहिलेले नाही. न्यायालयाने घातलेली मर्यादा, सभागृहातील चर्चा व तिचे निर्भय वृत्त आणि ठराविक मुदतीने होणारी निवडणूक ही तिन्ही बंधने कायम राहिली, तेव्हा संसदेने हक्कांचा विस्तार केला वा स्वतःच्या चुका सुधारल्या. ती शिथिल झाली, तेव्हा तीच संसद हक्कसंकोचाचे साधन बनली.