तीन मिनिटांच्या बाहेर

‘लाइव्ह इन सिएटल’ या सीडीवर एक ट्रॅक आहे, अर्ध्या तासाला जेमतेम दोन-तीन मिनिटं कमी. पहिल्यांदा ऐकताना मी दोनदा उठून प्लेअरकडे पाहिलं, आकडा अडकला की काय म्हणून. वाद्यं दोनच. एक फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच. लोकसंगीतात शिरलं की त्याचं नाव बदलतं. दुसरी गिटार. गाणारं कुणी नाही, तालवाद्य नाही. मार्टिन हेझ आणि डेनिस कॅहिल यांनी सिएटलच्या ट्रॅक्टर टॅव्हर्नमध्ये वाजवलेलं हे संगीत 1999 साली ग्रीन लिनेट कंपनीनं बाजारात आणलं. आयरिश पारंपरिक संगीताच्या लाइव्ह अल्बमांची रांग मोठी आहे, पण मी पुन्हा पुन्हा येतो ते याच्याकडे, आणि तेही या एका ट्रॅकसाठी.

आयरिश नाचाची धून मुळात केवढीशी! आठ-आठ आवर्तनांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा. रील या वेगवान नाचाच्या चालीत हे सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपतं. मग तीच धून दोन-तीनदा घोळवायची आणि न थांबता दुसरीत शिरायचं. अशा माळेला ‘सेट’ म्हणतात. स्वयंपाकघरातली खुर्च्या-टेबलं भिंतीला सरकवून नाच रंगलेला असे, तेव्हा माळ किती लांबवायची हे नाचणाऱ्यांच्या पायांवर ठरे.

ते घड्याळावर ठरू लागलं तबकडीमुळे. 78 आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला मावत तीन मिनिटं, फार तर थोडी जास्त. स्लायगो परगण्यातला मायकेल कोलमन 1914 साली अमेरिकेला गेला आणि 1920च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या फिडलच्या तबकड्या निघाल्या. काय तयारी होती त्या माणसाची! वेगवान, लखलखीत, दाणेदार. तबकड्या बोटीनं उलट आयर्लंडला पोचल्या आणि गावोगावची पोरं कोलमनसारखी बोटं फिरवायला शिकू लागली. त्यापायी कितीतरी गावांचा आपापला बाज मागे पडला. कोलमनला दोष देण्यात अर्थ नाही. तीन मिनिटांत जीव ओतायचा तर माणूस पळणारच.

क्लेअर परगण्याचा पूर्व भाग मात्र आपल्या चालीनं चालत राहिला. फीकल, टुला ही तिथली गावं. इथल्या वाजवण्यात एक रेंगाळणं आहे, आणि त्या सुराला तिथली माणसं ‘लोनसम’ म्हणतात. शब्दकोशात ‘एकाकी’ सापडेल, पण मला ‘हुरहुर’ जवळचा वाटतो. हेझ याच फीकलच्या परिसरातला. त्याचे वडील पी. जो हेझ स्वतः फिडलवादक, आणि 1946 साली सुरू झालेल्या टुला केली बँडचे अनेक दशकं म्होरके. केली म्हणजे सामुदायिक नाचाचा जलसा. 1935च्या कायद्यानं सार्वजनिक नाचाला परवाना लागू झाला, घरगुती नाचांवरही पोलिसांची आणि पाद्र्यांची नजर वळली, आणि नाच सभागृहांत गेला. मोठ्या सभागृहाला मोठा आवाज हवा, म्हणून असे बँड. टुलानं 1957 आणि 1960 अशी दोनदा अखिल आयर्लंड स्पर्धा मारली. मार्टिन तेराव्या वर्षी त्याच बँडमध्ये बसू लागला.

पुढे तो शिकागोला गेला. याच शहराचा एक पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील, मूळचा आयर्लंडमधल्या कॉर्कचा, यानं 1903 साली 1850 आयरिश धुनांचं पुस्तक छापलं होतं, त्यामुळे शहराला हे संगीत नवं नव्हतं. हेझला तिथं कॅहिल भेटला. तो शिकागोचाच, आईवडील आयर्लंडमधल्या केरी परगण्याचे. आधी दोघांनी मिळून ‘मिडनाइट कोर्ट’ नावाचा विजेच्या वाद्यांचा दणदणीत बँड चालवला. त्या गोंगाटातून बाहेर पडलेल्या दोघांनी पुढे इतकं कमी वाजवावं, याची मला गंमत वाटते.

कारण कॅहिलची गिटार म्हणजे गाळण्याची कला आहे. इतर गिटारवाले रीलखाली कॉर्डांचा रतीब घालतात. हा एक सूर ठेवतो, थांबतो, दुसरा जरा उशिरा ठेवतो. कधी नुसते दोन स्वर, आणि मधल्या मोकळ्या जागेत फिडल.

तो लांबलचक ट्रॅक सुरू होतो ‘पोर्त ना बूकी’नं, म्हणजे भुताखेतांची धून. केरीच्या किनाऱ्यापलीकडे ब्लास्केट बेटं आहेत. त्यांतल्या एका बेटावर रात्री हे सूर समुद्रावरून ऐकू आले आणि कुणीतरी ते फिडलवर उतरवले, अशी दंतकथा. कॅनव्हासच्या नावेच्या तळातून ऐकू आलेलं ते देवमाशांचं गाणं असावं, असंही सांगतात. आयरिश कवी शेमस हीनीनं यावर कविता लिहिली आहे. हेझ ही धून अशी वाजवतो की ताल आहे की नाही अशी शंका यावी. गज तारेवर टेकलाय की नुसता वर तरंगतोय?

मग ‘किलनामोना बार्नडान्स’चा ठेका हलकेच पायाखाली येतो. तिथून जिग या नाचाची चाल, मग ‘ह्यूमर्स ऑफ टुला’ म्हणजे थेट बापाच्या बँडच्या गावचं नाव, मग हॉर्नपाइप हा आणखी एक नाचप्रकार, मग ‘रेकिश पॅडी’. धुना बदलताना सांधा दिसत नाही. विलंबितातून द्रुतात जाणं आपल्या कानांना नवं नाही, पण इथं बढत एका रागाची नाही. अकरा वेगवेगळ्या वस्तू एकाच श्वासावर तोललेल्या आहेत. एलपीच्या एका बाजूला हे मावणं अवघडच होतं. आणि स्टुडिओत, समोर कुणी बसलेलं नसताना, इतकी वाट पाहण्याचा धीर झाला असता का? मला शंका आहे. ऐकणारे श्वास धरून बसलेत हे कळत असलं की वाजवणाऱ्याला घाई उरत नाही.

शेवटचा तुकडा वात्रट आहे. जर्मन संगीतकार पाखेलबेलचा तीनशे वर्षांहून जुना कॅनन लग्नसमारंभांत वाजवून वाजवून चोथा झालेला. तोच इथं रीलच्या पोशाखात भरधाव पळतो. त्याचं नाव, ‘पी जोज पिक्युरियस पाखेलबेल स्पेशल’. यातला ‘पिक्युरियस’ हा शब्द मला तरी कोशात सापडला नाही. पी. जो 2001 साली गेले, कॅहिल 2022 साली. सीडीवर मात्र शेवटच्या सुरासरशी टाळ्यांचा जो कल्लोळ उठतो, त्यात दोघेही आहेत, एक नावापुरता आणि एक गिटार मांडीवर घेऊन.