एकक भंजन व स्फटिकरचना

काही कार्बनी अर्धसंवाहकांत एका प्रकाशकणाच्या शोषणाने निर्माण झालेली एकक उत्तेजित अवस्था आपली ऊर्जा शेजारच्या रेणूबरोबर वाटून घेते व तीपासून दोन त्रिक उत्तेजित अवस्था उत्पन्न होतात. या क्रियेस एकक भंजन म्हणतात. तिला निकट असलेले दोन रेणू अथवा एकाच मोठ्या रेणूतील दोन जोडलेले घटक आवश्यक असतात. त्यामुळे पातळ पटलात तिचा वेग व तिची फलश्रुती ही रेणूच्या घडणीइतकीच स्फटिकातील रेणूंच्या मांडणीवरही अवलंबून असतात.

तत्त्व : रेणूतील इलेक्ट्रॉन सामान्यतः जोडीने असतात व जोडीतील दोन इलेक्ट्रॉनांची परिवलने परस्परविरुद्ध असतात. जोडीपैकी एक इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जा पातळीत गेल्यावरही परिवलने विरुद्धच राहिली, तर ती अवस्था एकक होय; ती समांतर झाली, तर त्रिक होय. एकट्या रेणूत एककाचे त्रिकात रूपांतर होताना परिवलन पालटावे लागते, म्हणून ते बहुधा मंद गतीने होते. भंजनात निर्माण होणारी दोन त्रिकांची जोडी मात्र एकत्रितपणे एककच असू शकते. परिवलनाच्या अक्षय्यतेस बाध येत नसल्याने ही क्रिया अतिशय जलद घडू शकते. मात्र एककाची ऊर्जा त्रिकाच्या ऊर्जेच्या सु. दुप्पट असावी लागते. पेंटासिनात ती दुपटीहून अधिक आहे व तेथे भंजन सु. ०·१ पिकोसेकंदात होते (१ पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). टेट्रासिनात ती दुपटीहून किंचित कमी पडते. तरीही भंजन होते, पण सावकाश.

इतिहास : अँथ्रॅसिनाच्या स्फटिकांवरील निरीक्षणांचे स्पष्टीकरण करताना १९६५ मध्ये ही कल्पना प्रथम मांडण्यात आली. टेट्रासिनाचे स्फटिक शोषलेला प्रकाश पुन्हा फारच थोड्या प्रमाणात बाहेर टाकतात, याचे कारण भंजन हे होय, असे १९६८ मध्ये सुचविले गेले. चुंबकीय क्षेत्रात हे उत्सर्जन बदलते, असे १९६९ मध्ये दिसून आल्याने त्यास पुष्टी मिळाली. त्यानंतर हा विषय दीर्घकाळ मागे पडला. २००६ मध्ये हॅना व नोझिक यांनी सौर घटांच्या संदर्भात केलेल्या गणितामुळे त्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले.

स्फटिकरचनेचा परिणाम : शेजारच्या रेणूंचे इलेक्ट्रॉन-मेघ परस्परांवर किती व कसे पसरतात, यावर भंजनाचा वेग ठरतो. सपाट रेणू एकमेकांवर तंतोतंत रचलेले असतील, तर सममितीमुळे परस्परक्रियेचे घटक एकमेकांस छेद देतात व भंजन मंदावते. रेणू थोडे सरकलेले असतील, तर हा समतोल मोडतो व भंजनास वाव मिळतो. मात्र दोन रेणूंची गाठ फार घट्ट पडली, तर ऊर्जा त्या जोडीतच अडकून वाया जाते. शिवाय निर्माण झालेली त्रिके एकमेकांपासून दूर गेली नाहीत, तर ती पुन्हा एकत्र येऊन नष्ट होतात. म्हणजे जवळीक हवी, पण अतिजवळीक नको, अशी ही अट आहे.

एकाच पदार्थाच्या दोन स्फटिकरूपांची तुलना केल्यास हे विशेष स्पष्ट होते [⟶ स्फटिकविज्ञान]. १,३-डायफिनिल आयसोबेंझोफ्यूरान या संयुगाच्या पटलांची आल्फा व बीटा अशी दोन रूपे आहेत. दोहोंतील रेणूंची मांडणी बरीच सारखी असूनही आल्फा रूपात नीच तापमानास दर १०० शोषित प्रकाशकणांमागे सु. २०० त्रिके मिळतात, तर बीटा रूपात ऊर्जा वरील प्रकारच्या घट्ट जोड्यांत अडकून फारच थोडी त्रिके मिळतात.

टेट्रासिनाच्या रेणूंची मांडणी माशाच्या काट्यासारखी तिरपी असते. त्याच्या भंजनकालाचे निरनिराळ्या नमुन्यांवरून काढलेले आकडे दीर्घकाळ जुळत नव्हते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पहिल्या, अधिक स्थिर रूपाच्या मोठ्या कणांत भंजनास सु. १२५ पिकोसेकंद, तर दुसऱ्या रूपाच्या मोठ्या कणांत केवळ सु. २२ पिकोसेकंद लागतात, असे आढळले. लहान कणांच्या पटलांत हे काल अनुक्रमे सु. ३१ व ३३ पिकोसेकंद होते. यावरून स्फटिकरूपाबरोबर कणांचा आकारही महत्त्वाचा ठरतो, हे दिसून आले.

अस्फटिकी पटलांतही भंजन होऊ शकते. ५,१२-डायफिनिल टेट्रासिनाच्या अशा पटलात उत्तेजन अनुकूल मांडणीच्या मोजक्या जागांपर्यंत भटकत जाते व तेथे त्याचे भंजन होते.

उपयोग : नेहमीच्या एकपदरी सौर घटाची कमाल कार्यक्षमता सु. ३३ टक्के असते, कारण निळ्या-हिरव्या प्रकाशकणांतील अतिरिक्त ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. भंजनाने ही ऊर्जा उपयोगात आणल्यास ही मर्यादा तत्त्वतः ४५ टक्क्यांपुढे जाऊ शकते. पेंटासिनाच्या एका घटाने विशिष्ट तरंगलांबीच्या दर १०० आपाती प्रकाशकणांमागे १०९ इलेक्ट्रॉन दिल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. टेट्रासिनातील त्रिकांची ऊर्जा अतिशय पातळ हाफ्नियम ऑक्सिनायट्राइड थरातून सिलिकॉनास देता येते, हे २०१९ मध्ये दाखविण्यात आले. तथापि या पदार्थांचा हवा व प्रकाश यांमुळे होणारा ऱ्हास हा मोठा अडथळा आहे. तसेच बाष्पनिक्षेपणाचा वेग, आधारपृष्ठाचे तापमान इ. बाबी बदलल्या की स्फटिकरूपही बदलते. म्हणून अशा पटलाचे वर्णन करताना पदार्थाचे नाव व शुद्धता सांगून भागत नाही. क्ष-किरण विवर्तनाने त्याचे स्फटिकरूप निश्चित करणेही आवश्यक असते.