घोडेस्वारी फुकटात कुठे दिसते?

ब्रिटनमध्ये ग्रँड नॅशनल ही शर्यत फुकट वाहिनीवरच दाखवावी लागते. ऑलिम्पिकसारखीच ती सरकारी संरक्षित यादीत आहे. 2012 पर्यंत बीबीसी, मग चॅनल 4 आणि 2017 पासून आयटीव्ही. चौतीस घोडे एकत्र सुटतात, नऊ-दहा मिनिटांत निकाल. टीव्हीला आणखी काय हवं?

बॅडमिंटन हॉर्स ट्रायल्सचं गणित मात्र अवघड. (नाही, शटलकॉकचा खेळ नव्हे; हे इंग्लंडमधलं गाव!) 1949 पासूनची ही स्पर्धा. आधी ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची परीक्षा), मग क्रॉस-कंट्री, शेवटी शो जंपिंग. क्रॉस-कंट्रीला घोडे काही मिनिटांच्या अंतराने सुटतात आणि मिनिटाला 570 मीटरच्या हिशेबाने साधारण साडेसहा किलोमीटर धावतात. म्हणजे एकाच वेळी दोन-तीन घोडे मैदानात. एक तळ्यात उडी घेतोय, तेवढ्यात दुसरा तिकडे कुंपणापाशी अडतो. दिग्दर्शकाने कुणाला दाखवायचं? शिवाय कॅमेरे अख्ख्या रानात पेरायचे. दिवसभर एवढा वेळ सार्वजनिक वाहिनी कुठून देणार?

म्हणून आता बॅडमिंटन आणि तशीच दुसरी स्पर्धा बर्ली, दोघींच्याही स्वतःच्या सशुल्क सेवा आहेत. आमच्यासारख्या वेड्यांची चंगळच, अगदी पहिल्या ड्रेसाजपासून सगळं बघता येतं. पण चॅनल बदलता बदलता सहज थांबणारा प्रेक्षक तिथे फिरकत नाही, आणि नवे चाहते बहुतेक त्यातूनच येतात. माझ्या मते निदान क्रॉस-कंट्रीचा दिवस तरी फुकट दाखवावा. ड्रेसाजसाठी पैसे आम्ही भरूच.